नाराची हरणं: देवाची, सरकारची की कुणाचीच नाहीत?

पक्षाचा नेता निवडायच्या प्रचारात महागाई, कर, संरक्षण असे विषय निघतात. २२ सप्टेंबर २०२५ ला जपानमध्ये हरणांचा निघाला. सत्ताधारी पक्षाच्या नेतेपदासाठी उभ्या असलेल्या सानाए ताकाइची मूळच्या नाराच्या. नाराच्या हरणांना लाथा मारणारी, ठोसे मारून घाबरवणारी माणसं परदेशातून येतात, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता. पुरावा काय, असं पत्रकारांनी विचारलं तेव्हा आपण आपल्या परीने खात्री करून घेतली आहे, असं उत्तर मिळालं. महिन्याभरात ताकाइची जपानच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या.

जनावरावरून राजकारण तापणं आपल्याला नवं नाही. फक्त जनावर वेगळं. पण नाराच्या हरणांबद्दल आपल्याकडे जे पोचतं ते बहुतेक मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितींतून. हरीण मान वाकवून नमस्कार करतं, पर्यटक बिस्किट देतो, सगळे हसतात. पुढच्याच चित्रफितीत तेच हरीण कुणाच्या तरी पँटचा खिसा फाडत असतं. टोकियो-क्योतोच्या सहलीला जाणारी मराठी मंडळी हल्ली पुष्कळ आहेत आणि त्यांच्या कार्यक्रमात नाराचा अर्धा दिवस ठरलेला असतो. ही हरणं पाळलेली की जंगली, चावतात का, त्यांना खायला कोण घालतं, पवित्र म्हणजे नेमकं काय, हे प्रश्न त्यांना पडतात. त्यांची उत्तरं वाटतात तितकी सरळ नाहीत, म्हणून हा लेख.

## आधी जागा, मग जनावर

नारा हे ७१० पासून ७८४ पर्यंत जपानच्या राजधानीचं शहर होतं. क्योतोहून रेल्वेने पाऊण तासावर. शहराच्या पूर्व अंगाला डोंगराच्या पायथ्याशी नारा पार्क आहे. १८८० मध्ये स्थापन झालेलं हे उद्यान पाचशे हेक्टरांहून मोठं आहे, पण 'उद्यान' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर येतं तसं फाटक, तिकीटखिडकी, चहूबाजूंनी कुंपण असं इथे काही नाही. तोदाइजी हे प्रचंड बुद्धमूर्तीचं मंदिर, कोफुकुजी हे दुसरं मोठं बौद्ध मंदिर, कासुगा तैशा हे शिंतो या जपानच्या मूळ धर्माचं देवस्थान, मधली हिरवळ, तळी, दुकानं, बसचा रस्ता, सगळं एकात एक मिसळलेलं. यातली प्रमुख देवळं आणि मागचं कासुगायामाचं जंगल १९९८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे.

या सगळ्यात हरणं मोकळी फिरतात. जात सिका. उन्हाळ्यात तांबूस अंगावर पांढरे ठिपके दिसतात, त्यामुळे आपल्याला चितळाचीच आठवण होते. हिवाळ्यात ठिपके पुसट होऊन अंग करडं-तपकिरी होतं. दर जुलैत त्यांची मोजदाद होते. २०२४ च्या मोजणीत १,३२५ हरणं भरली: ७९८ माद्या, ३१३ नर आणि २१४ पाडसं.

आता मालकीचा प्रश्न. ही हरणं देवस्थानची नाहीत, नगरपालिकेची नाहीत, सरकारचीही नाहीत. ती वन्य प्राणी आहेत आणि त्यांना मालक नाही. त्यांची देखभाल एक संस्था करते, 'नारा-नो-शिका आइगोकाई', म्हणजे नाराच्या हरणांचं रक्षण करणारं मंडळ. तिची सुरुवात १८९१ ची. जखमी हरणांवर उपचार, गाभण माद्यांची सोय, रस्त्यावर गाडीखाली आलेलं हरीण उचलणं, ही सगळी कामं तिची. देखभाल करणारा आहे पण मालक नाही, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढची निम्मी भांडणं इथूनच निघतात.

## पवित्र कशामुळे?

कासुगा तैशाची स्थापना ७६८ ची. कथा अशी की ताकेमिकाझुची नावाचा देव दूर पूर्वेकडच्या काशिमाहून पांढऱ्या हरणावर बसून नाराच्या मिकासा डोंगरावर उतरला. तेव्हापासून इथली हरणं देवाचे दूत ठरली. ही श्रद्धा टिकली त्यामागे बळकट हात होते. कासुगा हे फुजिवारा घराण्याचं कुलदैवत, कोफुकुजी हे त्याच घराण्याचं बौद्ध मंदिर, आणि फुजिवारा म्हणजे शतकानुशतकं सम्राटांच्या दरबारातलं सर्वांत वजनदार घराणं. देव एका बाजूला, मठाची सत्ता दुसऱ्या बाजूला. हरणाला हात लावायची कुणाची छाती होणार?

इथे आपल्याकडच्या वाचकाला हमखास सारनाथ आठवतं. बुद्धाने पहिला उपदेश मृगदावात, हरणांच्या बनात केला. नारात बुद्धाची भव्य मूर्ती आहे. तेव्हा हरणं तिकडूनच आली असणार. जोडणी छान आहे, पण बरोबर नाही. नाराच्या हरणांचं पावित्र्य शिंतो परंपरेतलं, कासुगाच्या देवाचं. भारताशी खरा धागा हवाच असेल तर तो शेजारच्या तोदाइजीत सापडतो. तिथल्या महाबुद्धाची नेत्रोन्मीलनाची पूजा ७५२ मध्ये झाली आणि मूर्तीच्या डोळ्यांत बुबुळं भरण्याचा मान बोधिसेन या भारतातून गेलेल्या भिक्षूला मिळाला. सहलीत वाटाडे हे सहसा सांगत नाहीत.

कोफुकुजीच्या अमलात हरीण मारणं हा देहदंडाचा गुन्हा होता. १६३७ मधली शिक्षा ही त्यातली शेवटची मानतात. नारातली माणसं लवकर उठतात, अशी एक जुनी आख्यायिका आहे. दारात मेलेलं हरीण सापडलं तर आळ आपल्यावर येईल, म्हणून जो तो पहाटेच उठून अंगणात पाहणार. आणि दिसलंच तर गुपचूप शेजाऱ्याच्या दारात सरकवणार. गोष्ट खरी असो-नसो, पवित्र प्राण्याच्या शेजारी राहण्यात भीतीचा वाटा किती होता ते तिच्यावरून कळतं.

हे पावित्र्य अखंड चालत आलं, असं मात्र समजू नका. मेइजी काळात (१८६८ ते १९१२) जुनी धर्मसत्ता मोडली तेव्हा नाराचा प्रमुख प्रशासक शिजो ताकातोशी याने हरणांचं संरक्षण काढून घेतलं. त्याने हरणाच्या मांसाच्या मेजवान्या दिल्याचंही सांगतात. १८७३ मध्ये ३८ हरणं उरली होती. पुन्हा जपणूक झाली, संख्या वाढली, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या भुकेत परत कोसळली. १९४५ मध्ये उरली ७९. आज दिसणारा सगळा कळप या ७९ च्या वंशातला आहे. १९५७ मध्ये 'नाराची हरणं' राष्ट्रीय नैसर्गिक ठेवा म्हणून जाहीर झाली. म्हणजे आज कायदा त्यांचं रक्षण करतो ते देवाचे दूत म्हणून नव्हे, सांस्कृतिक वारसा जपण्याच्या कायद्याखाली.

श्रद्धेने जनावराच्या रक्तातही खूण सोडली आहे. २०२३ मध्ये जपानी संशोधकांनी, नारा ज्यात येतं त्या कीइ द्वीपकल्पातल्या हरणांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला. नारा पार्कमधल्या हरणांत आईकडून येणाऱ्या डीएनएचा एक प्रकार सापडला, जो आसपासच्या दुसऱ्या कुठल्याच हरणांत नव्हता. निष्कर्ष असा, की हा कळप हजाराहून जास्त वर्षं बाकीच्यांपासून वेगळा राहिला. भोवताली शिकार चालू होती, हरणं मारली जात होती, आणि देवळाच्या सावलीतली तेवढी वाचली. पुस्तकी पुराव्याइतकाच हा पुरावा मला बोलका वाटतो.

## पाळीव नाहीत, मग इतकी जवळ कशी येतात?

पाळीव जनावर म्हणजे ज्याचा वंश माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवला. कुठल्या गाईला कुठला वळू, कुठलं वासरू ठेवायचं, दाणावैरण किती, सगळं माणूस ठरवतो. नाराच्या हरणांचं यातलं काहीही माणूस ठरवत नाही. कुणाचा कुणाशी संग होतो, रात्री ती कुठे बसतात, सकाळी कुठे चरतात, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. त्यांनी फक्त माणसाची भीती टाकली आहे. याला 'सवयीने भीती जाणं' म्हणू. प्राणिशास्त्रातही अर्थ तेवढाच आहे.

आपल्या घाटांतली माकडं डोळ्यांसमोर आणा. त्यांना कुणी पाळलेलं नसतं. गाड्या थांबतात, काच खाली होते, वेफरचं पाकीट बाहेर येतं, एवढं त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं आहे. गाडी दिसली की ती जवळ येतात आणि पाकीट द्यायला उशीर झाला की दात दाखवतात. माकड बिघडलं, असं आपण म्हणतो. खरं तर ते आपल्याकडूनच धडा शिकलेलं असतं. नाराच्या हरणांचंही तेच, फक्त त्यांचा धडा शेकडो वर्षांचा आहे आणि त्याभोवती नियम, दुकान, देवस्थान, कायदा असं सगळं उभं राहिलं आहे.

म्हणून उद्यानातल्या पाट्या बिचकवणाऱ्या आहेत. 'ही हरणं वन्य प्राणी आहेत, ती कधी कधी माणसांवर हल्ला करतात' असं लिहून खाली चार चित्रं: चावणं, लाथ मारणं, शिंगाने ढुशी देणं, धक्का देऊन पाडणं. पर्यटक त्या पाटीशेजारी उभे राहून फोटो काढतात आणि पुढे जाऊन पाटीवरचंच करून घेतात.

## तो नमस्कार खरा का?

हरीण मान वर-खाली करतं, हे खरं. त्यामागे आदर आहे, हे खरं नाही. मान झुकवली की माणूस हसतो, बिस्किट देतो, हे ती शिकली आहेत. पाडसं मोठ्यांचं बघून शिकतात. दुसऱ्या रानातल्या सिकांकडून अशा नमस्काराची अपेक्षा ठेवू नका.

हे शिकलेलं वागणं आहे याचा एक अनपेक्षित पुरावा कोविडच्या साथीच्या काळात मिळाला. नारा महिला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६-१७ मध्ये हरणांसमोर बिस्किट धरून ती किती वेळा मान झुकवतात ते मोजलं होतं. पर्यटक आटल्यावर २०२०-२१ मध्ये त्यांनी पुन्हा मोजलं. सरासरी साधारण दहावरून सहाच्या आसपास आली होती. गिऱ्हाईक नाही, तर नमस्कार कशाला?

आता महत्त्वाचं. पर्यटकांना गोड वाटते ती गोष्ट बऱ्याचदा अधीरपणाची असते. बिस्किट दाखवून हात मागे घेतला, फोटो नीट यावा म्हणून चार-पाच वेळा मान झुकवायला लावली, की नमस्कार भराभर होऊ लागतात. नर हरीण ढुशी देण्याआधी डोकं खाली घेतं, हेही विसरू नका. तेव्हा भराभर झुकणारी मान दिसली की बिस्किट देऊन टाकावं आणि बाजूला व्हावं. पोटरीला चावा, सदऱ्याचं टोक तोंडात, नकाशा फस्त, यातले बहुतेक किस्से हात मागे घेतल्यानंतरचे असतात.

## ती बिस्किटं, आणि ती बंद का करत नाहीत

'शिका सेनबेई', म्हणजे हरणांची बिस्किटं, तांदळाचा कोंडा आणि पीठ यांची असतात. साखर नाही, मसाला नाही. दहाचा गठ्ठा २०० येनला मिळतो, आणि त्याभोवती गुंडाळलेली कागदी पट्टीसुद्धा हरणाने खाल्ली तरी चालेल अशी बनवलेली असते. विक्रीतला वाटा आइगोकाईकडे जातो. म्हणजे तुम्ही हरणाला बिस्किट भरवता तेव्हा त्याच्या दवाखान्यालाही थोडे पैसे देत असता.

समजदार माणूस इथे विचारेल: जंगली प्राण्यांना खाऊ घालू नका, असं सगळीकडे सांगतात, मग इथेच सरकारमान्य खाऊ का? आक्षेप रास्त आहे. उत्तर असं, की बिस्किट हे तिथल्या हरणाचं जेवण नाही, वरखाणं आहे. त्यांचं खरं खाणं गवत, पानं, झाडाखाली पडलेली ओकची फळं. साथीच्या काळात बिस्किटं जवळजवळ थांबली तेव्हा काही हरणं शहरात भटकताना दिसली, पण कळप उपाशी मेला नाही, हिरवळ होतीच. दुसरं असं, की बिस्किटं बंद केली तर माणसं खायला घालणं बंद करतील, या भ्रमात नाराचे लोक नाहीत. ती ब्रेड, चिप्स, केक देतील. ठरलेलं, निरुपद्रवी एकच खाणं ठेवणं आणि बाकी सगळ्याला मनाई करणं, हा त्यांनी शोधलेला व्यवहारी तोडगा आहे. मला तो पटतो. मात्र या तोडग्याची किंमत आहे: माणूस म्हणजे खाऊ, हे समीकरण पक्कं होतं, आणि मग माणसाच्या हातातलं काहीही खाऊ ठरतं.

यातूनच प्लास्टिकचं प्रकरण झालं. हरीण रवंथ करणारा प्राणी. त्याच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात गेलेली पिशवी पुढे सरकत नाही, तिथेच गोळा होत राहते. पोट भरल्यासारखं वाटतं आणि जनावर खंगून मरतं. २०१९ मध्ये मेलेल्या १४ हरणांपैकी ९ जणांच्या पोटात प्लास्टिक सापडलं. एकात तर ४.३ किलो. आपल्या रस्त्यांवरच्या गाईंची शस्त्रक्रिया ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. नारातल्या काही व्यावसायिकांनी मग 'शिकागामी' नावाचा पिशव्यांचा कागद काढला. तांदळाचा कोंडा आणि दुधाच्या वापरलेल्या खोक्यांचा लगदा यांपासून तो बनतो. हरणाने खाल्ला तरी अडकत नाही. उद्यानात कचऱ्याचे डबे अनेक वर्षं जवळपास नव्हते, तेही मुद्दाम. आपला कचरा आपल्याच पाठपिशवीत घेऊन परतायचं.

## चावलं तर?

२०१८-१९ च्या आर्थिक वर्षात दोनशेहून अधिक माणसं जखमी झाल्याची नोंद आहे. बहुतेकांना खरचटणं, चावा, पडणं एवढंच; काहींना मात्र हाड मोडण्यापर्यंत. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा नरांच्या माजाचा काळ. तेव्हा शिंगवाल्या नराच्या जवळ जाणं शहाणपणाचं नाही, त्याने कितीही नम्रपणे मान झुकवली तरी. मे ते जुलै हा पाडसांचा काळ. गवतात एकटं बसलेलं पाडस दिसलं तर ते हरवलेलं नसतं. आईने लपवून ठेवलेलं असतं. त्याला हात लावला तर आई खुरांनी तुडवते, शिवाय माणसाचा वास लागलेल्या पाडसाला ती दूध पाजायचं सोडू शकते.

आपल्याकडून गेलेल्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न रेबीजचा येतो. जपानमध्ये १९५७ नंतर प्राण्यांत रेबीज आढळलेला नाही, त्यामुळे ती धास्ती नको. पण जखम साबणाने धुणं, डॉक्टरांना दाखवणं हे करावंच. हरणांच्या अंगावर गोचिड्या असतात. म्हणून गळ्यात पडून फोटो काढू नये आणि नंतर हात धुवावेत.

बिस्किटं संपली की दोन्ही तळवे उघडे करून दाखवायचे. हा इशारा हरणांना कळतो, आणि ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतात. गंमत म्हणजे विक्रेत्यांच्या मांडलेल्या गठ्ठ्यांना ती सहसा तोंड लावत नाहीत. दुकानात काय आणि पर्यटकाच्या हातात काय, यातला फरक त्यांना कळतो.

## त्रास परदेशीच देतात का?

हरणाला मारल्याच्या चित्रफिती खऱ्या आहेत. २०२४ च्या उन्हाळ्यात एक माणूस हरणांना लाथा आणि चापट्या मारतानाची चित्रफीत जपानभर पसरली होती. पण एकदोन चित्रफिती म्हणजे सर्रास घडणारी गोष्ट नव्हे. ताकाइचींच्या भाषणानंतर जपानी वृत्तमाध्यमांनी विचारलं तेव्हा, पर्यटकांकडून अशी मारहाण रोज होते असं दिसत नाही, असं नाराच्या प्रशासनाचं म्हणणं होतं. आणि २०२१ मध्ये उद्यानात कुऱ्हाडीने हरीण मारणारा माणूस जपानीच होता. त्याला दहा महिन्यांची कैद झाली, शिक्षा स्थगित ठेवली गेली. नैसर्गिक ठेवा ठरलेल्या प्राण्याला इजा करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो.

एक साधं गणित नजरेआड होतं. पर्यटक वाढले की बिस्किटं वाढतात, अडचणी वाढतात, वाईट वागणारेही वाढतात. पर्यटक कुठल्या देशाचा, यावर हरणाचं वागणं ठरत नाही. हात मागे घेतला की ते ओसाकाच्या माणसालाही चावतं.

## शिंगं कापणं क्रूर नाही का?

ऑक्टोबरमध्ये कासुगा तैशाजवळच्या 'रोकुएन' या हरणांच्या आवारात शिंगं कापण्याचा सोहळा होतो. ही चाल १६७० च्या दशकाच्या सुरुवातीपासूनची. माणसं दोरांनी नराला पकडतात, चटईवर आडवं करतात, आणि पुजारी करवतीने शिंगं कापून देवाला वाहतो. हे पाहून अनेकांना वाईट वाटतं.

शरीरशास्त्र पाहिलं तर वेदनेचा मुद्दा उरत नाही. हरणाची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात. वसंतात वाढत असताना त्यांवर रक्तवाहिन्या असलेली मऊ कातडी असते, तेव्हा कापली तर दुखेल. शरदापर्यंत कातडी गळून आत फक्त वाळलेलं हाड राहतं. त्यात ना रक्त, ना नस. काही महिन्यांनी ते आपोआप पडणारच असतं. पण पकडण्याच्या धावपळीत जनावर घाबरतं, हा आक्षेप उरतोच, आणि त्याला शरीरशास्त्रात उत्तर नाही. माजावर आलेल्या, शिंगवाल्या शेकडो नरांना शाळेच्या सहलींच्या गर्दीत मोकळं सोडायचं तर दुसरा पर्याय मला तरी दिसत नाही. शिवाय नर एकमेकांनाही भोसकतात.

## पवित्र आहेत, तरी मारतात?

हा भाग सहलीच्या पत्रकात नसतो.

उद्यानाला कुंपण नाही, हे आधी आलंच. हरणं संध्याकाळी डोंगराकडे, आणि काही शहराबाहेरच्या शेतांकडे जातात. भाताची रोपं, भाज्या, काढणीला आलेलं पीक, सगळं चालतं. रोही आणि रानडुकरांनी पीक लोळवलेल्या आपल्या शेतकऱ्याला हे दुःख उलगडून सांगायला नको. नाराच्या शेतकऱ्याची अडचण अशी, की भरपाई मागायची कुणाकडे? मालक तर कुणीच नाही.

शेवटी शेतकरी कोर्टात गेले. १९७९ मध्ये त्यांनी कासुगा तैशा आणि आइगोकाई यांच्यावर दावा लावला. खटला काही वर्षं चालला आणि १९८५ मध्ये तडजोड झाली. शहराचे चार भाग पाडले गेले. पहिले दोन, म्हणजे उद्यान आणि त्यामागचा डोंगर, पूर्ण संरक्षणाचे. तिसरा मधला पट्टा. चौथा म्हणजे शहराचा उरलेला सगळा भाग, जिथे पिकांचं रक्षण आधी आणि परवानगी घेऊन हरणं मारताही येतात. प्रत्यक्षात चौथ्या भागातली ठरावीक संख्येची मारणी २०१७ मध्ये सुरू झाली. तोवर तीन दशकं परवानगीचा कागद असून हात उचलला गेला नव्हता.

म्हणजे एकच हरीण. हिरवळीवर उभं असेल तर देवाचा दूत आणि राष्ट्रीय ठेवा. नकाशावरची रेघ ओलांडून भातात शिरलं तर उपद्रवी प्राणी. हरणाला रेघ दिसत नाही. आपल्याला हे दुटप्पी वाटेल, पण विचार केला तर दुसरी कुठली व्यवस्था टिकली असती? सगळीकडे पवित्र ठरवलं असतं तर शेतकऱ्याने गुपचूप विष घातलं असतं. कुठेच पवित्र ठेवलं नसतं तर १८७३ पुन्हा आलं असतं.

मधल्या भागात पिकं खाताना पकडलेल्या हरणांचं काय करायचं, हा मात्र खरा अवघड प्रश्न. त्यांना मारायचं नाही, उद्यानात सोडलं तर परत शेतात जाणार. म्हणून ती रोकुएनमधल्या एका वेगळ्या बंद भागात ठेवली जात, बहुतेक मरेपर्यंत. २०२३ मध्ये तिथे काम करणाऱ्या पशुवैद्यकाने आतल्या हालांबद्दल तक्रार केली. दाटी, अपुरं खाणं, खंगलेली जनावरं. प्रशासनाने चौकशी केली, व्यवस्थेत उणिवा असल्याचं पुढे आलं आणि पिंजऱ्याच्या या जुन्या पद्धतीचा फेरविचार सुरू झाला. कसायापासून सोडवलेली गुरं कोंडून ठेवणारे गोठे आपण पाहिले आहेत. मारायचं नाही एवढं ठरवलं की जबाबदारी संपली असं वाटतं, आणि खरी जबाबदारी तिथूनच सुरू होते.

## आणि जंगलाचं काय?

कासुगायामाच्या जंगलात शिकार आणि लाकूडतोड ८४१ पासून बंद आहे. आपल्या भाषेत देवराईच, आणि फार मोठी. हरणांची संख्या राखणारे लांडगे जपानमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच संपले, आणि माणूस तर इथे मारत नाही. परिणाम दिसतो. उद्यानातल्या झाडांखाली हरणाची मान पोचते त्या उंचीपर्यंत पालाच नसतो; जणू कुणी दोरी धरून छाटला आहे. उरतं ते हरणं न खाणारं. 'आसेबी' नावाचं विषारी पानांचं झुडूप मुबलक दिसतं. आग्यासारखी खाजरी एक वनस्पती नारातही आहे, आणि तिथल्या रोपांच्या पानांवर टोचणाऱ्या केसांची संख्या हरणं नसलेल्या भागातल्या रोपांपेक्षा कितीतरी पट जास्त आढळली. ज्यांना कमी केस होते ती शेकडो वर्षांत हरणांच्या पोटात गेली, जास्त केसवाली वाढली.

चांगली बाजूही आहे. नारा पार्कची ती गुळगुळीत हिरवळ यंत्राने कापलेली नाही. हरणं चरतात, गवताचं बी त्यांच्या लेंड्यांतून पसरतं, आणि लेंड्या शेणकिडे जमिनीत मुरवतात. त्यातला एक निळ्या चमकदार रंगाचा शेणकिडा तर बघण्यासारखा असतो. हिरवळीसाठी हरणं हवीत, जंगलासाठी इतकी नकोत, अशी ही अडचण आहे. म्हणून आता कासुगायामावर जागोजागी जाळीची कुंपणं घातली आहेत. आत ओकची कोवळी रोपं वाढतात, आणि हरणं बाहेर थांबतात.